नायजेरिया नाय, घाना

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, ते दोनदा डावी-उजवीकडे हलवायचं आणि मग शांतपणे म्हणायचं, "नायजेरिया नाय. घाना."

रिक्षावाल्याला, भाजीवालीला, बँकेतल्या मुलीला, लिफ्टमध्ये उगाच कोपऱ्यात सरकून उभ्या राहिलेल्या काकूंना, सगळ्यांना ती हे एकाच सुरात सांगायची. चिडून नाही. शाळेतल्या बाई पोराचं शुद्धलेखन सुधारतात तसं. समोरचा माणूस "हां हां, नायजेरियाच ना" म्हणाला की पुन्हा बोट वर.

माझ्या आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती गोंधळली. आमच्या खाडीकाठच्या बोलीत 'ण' नाही. तेलाचा घाणा म्हणजेसुद्धा 'घाना'च. "तेलाचे घान्यावर कामाला हाय कं ही?" तिने मला विचारलं. मी नीट समजावून सांगितल्यावर दोघी पोट धरून हसल्या, आणि पुढे कितीतरी दिवस गावात ती स्वतःची ओळख 'घान्यावरची' अशीच करून देत राहिली.

तुम्ही नवी मुंबईत राहत असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुधा लांबून. मला ती जवळून पाहायला मिळाली म्हणून हे लिहितो आहे. तिचं नाव मात्र सांगणार नाही, गावाचंही नाही. करावे, नावडे, जासई अशी शहराने चहूबाजूंनी वेढलेली जी गावं आहेत, त्यांतलंच एक समजा.

जासईजवळ एका कंटेनर यार्डाला लागून आमचं ऑफिस आहे. परदेशात माल पाठवणाऱ्यांचे कागद तयार करणं हे माझं काम. ती तिथे आली ती गिऱ्हाईक म्हणून. पन्नाशीची, उंच, डोक्याला पिवळ्या कापडाचा फेटा बांधलेली. शाळेची दप्तरं, प्लास्टिकच्या बादल्या आणि लहान मुलींचे झालरींचे फ्रॉक असा तिचा माल असे. घानात तिच्या बहिणीचं दुकान होतं. इकडे खरेदी हिची, तिकडे विक्री बहिणीची. हिंदी बाजारात शिकलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, मोडकंतोडकं मराठी रिक्षा-बाजारात उचललेलं. मला पहिल्याच दिवशी 'दादा' म्हणाली, तेव्हा माझ्याहून ती निदान दहा वर्षांनी मोठी असेल.

यार्डातला प्रत्येक कंटेनर काही कस्टमवाले उघडून बघत नाहीत. कुठला उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, असं आम्हाला सांगतात. तिचा कंटेनर दर वेळी उघडायचे. फ्रॉकांचे गठ्ठे जमिनीवर उतरायचे, बादल्या एकात एक घातलेल्या सुट्या करायचे, दप्तरांच्या चेनी उघडून आत हात घालायचे. तपासणारा माणूस सज्जन होता. "मॅडम, रँडम है," असं ओशाळून सांगायचा. ती म्हणायची, "दादा, हा कॉम्प्युटर माझ्या प्रेमात हाय."

विमानतळावर तिला बाजूला घ्यायचे, तेही रँडम. मॉलच्या दारात पर्स उलटी करायचे, तेही रँडम. पामबीच रस्त्यावर रिक्षा थांबवून तिला एकटीलाच उतरायला लावलं होतं, तेही रँडम. "माझा मधला नाव रँडम," ती सांगायची, आणि आम्ही सगळे हसायचो. एक दिवस हसता हसता माझ्या लक्षात आलं की, तिच्यासारखेच फ्रॉक पाठवणारा भिवंडीचा एक व्यापारी आमच्याकडे आहे, आणि त्याच्या कंटेनरचं सील फुटलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यानंतर मला हसणं जमेना. ती मात्र हसत होती.

तेव्हा ती एका सेक्टरमधल्या सोसायटीत राहत होती. तिथे सभेत ठराव झाला की परदेशी भाडेकरू ठेवायचे नाहीत. सोसायटीत परदेशी ती एकटीच. सेक्रेटरी स्वतः सांगायला आले. हेच गृहस्थ तिच्या घरी गॅसचा सिलिंडर वर चढवून द्यायचे. "आमच्या मनात काही नाही, मॅडम," ते म्हणाले, "पण आता रूल झाला." तिने त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात येऊन म्हणाली, "दादा, एक खोली बघ. गावात चालेल. ज्या घराला मीटिंग नसते असा घर."

मी आईला विचारलं. आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने देण्यासाठीच बांधला आहे. जमिनी गेल्यावर गावातल्या बहुतेकांचं पोट असंच चालतं. आई म्हणाली, "आन तिला. बगू."

बघण्याचा कार्यक्रम दारातच झाला. आई सुपात जवळा निवडत बसली होती. ती समोर उभी राहिली, वाकली, चिमूटभर जवळा उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटून उभी राहिली. मग भराभर बोलायला लागली. तिच्या आईचा धंदाच मासळी धुरावर सुकवायचा. समुद्रकाठी मातीच्या गोल भट्ट्या, त्यावर जाळ्या, बायकांचे डोळे कायम लाल. सुका जवळा, सुकी मासळी आणि मिरची तेलात काळी होईपर्यंत परतून त्या लोकांची एक चटणी होते, ती बरणीत भरून मुलं परगावी शिकायला जातात. मी मधे बसून भाषांतर करत होतो. थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही.

"मासलीचे वासानं नाक नाय ना मुरडत?" आईने शेवटचा प्रश्न विचारला.

"हा वास नाय," ती म्हणाली. "हा घर हाय."

खोली मिळाली.

आईला ती त्यांच्या भाषेत 'मामे' म्हणू लागली. त्याचा अर्थ आईच. आईला वाटलं मामी म्हणते. "मामी नाय गो, आय बोल. मामी लांबची व्हते," आईने बजावलं. तेव्हापासून 'आये'. आईकडूनच ती नीट मराठी शिकली, त्यामुळे ती बोलायची ती थेट आमची बोली. शहरात वाढलेली माझी मुलगी "आहे, नाही" करायची आणि ही घानाची बाई "हाय, नाय, माना पायजे". बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या मावशीशी ती बोंबलाच्या जुडीवरून असा काही वाद घालायची की लोक थांबून ऐकायचे. मावशी दमली की म्हणायची, "घे गो बाय, फुकट घे, पन तोंड बंद कर." मग दोघी पाटीवर डोकं टेकून हसायच्या.

गावातल्या एका हळदीला आई तिला घेऊन गेली. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते पाहिलेल्यालाच कळेल. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गात होती, म्हातारी, दात नसलेली. सगळा मांडव गलका करत होता आणि ही एकटी धवलारणीच्या पायाशी बसून तोंडातल्या तोंडात सूर लावत होती. नंतर बेंजो सुरू झाल्यावर ती नाचली. कशी नाचली ते मी सांगत बसत नाही. तो व्हिडिओ त्या वर्षी गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये होता. आमच्या गावकी समितीचे अध्यक्ष, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तेसुद्धा त्या व्हिडिओत तिच्या शेजारी रुमाल फिरवताना दिसतात.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मी ऑफिसातून उशिरा पोचणार होतो, म्हणून तीच आईला हॉस्पिटलात घेऊन गेली. मी पोचलो तर ती फाटकाबाहेर झाडाखाली उभी. गार्डने आईला आत घेतलं आणि हिच्याकडे पासपोर्ट मागितला. पासपोर्ट दाखवला तर म्हणाला, झेरॉक्स लागेल. झेरॉक्स आणली तर म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मला त्याने काहीच विचारलं नाही. मी सरळ आत. आईला डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आणलं, तेव्हा तिला सगळा प्रकार कळला. ती त्या गार्डच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "हिना आत सोडायची व्हती. याला अडवायचा व्हता. हा उशिरा आला हाय." गार्डही हसला. वाईट माणूस नव्हता तोही.

पुढचा सगळा महिना आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब तिनेच घातले. "वर बघ आये, देवाकडे." आई वर बघायची आणि म्हणायची, "देव कुठं दिसतं, तुजाच तोंड दिसतं."

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची मोठी गाडी येऊन थांबली.

आदल्या आठवड्यात कुठल्याशा लांबच्या सेक्टरमध्ये अंमली पदार्थ विकताना काही लोक पकडले होते. त्यांत दोघे आफ्रिकन होते, बाकीचे इथलेच. इथल्यांची पेपरात फक्त नावं आली. त्या दोघांचा मात्र अख्खा खंड पेपरात आला. इथल्यांच्या गावांत, नातलगांच्या दारांत कोणी गाडी पाठवली नाही. आफ्रिकन माणूस राहतो अशा प्रत्येक दारात मात्र गाडी गेली.

आमच्याकडे आलेला अधिकारी तरुण होता. साताऱ्याकडचा असावा, बोलायला गोड. "घाबरू नका मावशी," तो आईला म्हणाला. "रुटीन हाय. सगळ्यांचंच व्हेरिफिकेशन चाललंय. दुपारपर्यंत सोडतो बगा."

"सगल्यांचा म्हंजे कोनाचा?" आईने विचारलं. "माजा नाय केला तो?"

तो हसला. ती वर जाऊन फेटा नीट बांधून आली, पासपोर्टची पिशवी घेतली आणि स्वतःच गाडीत जाऊन बसली. मी मागून स्कूटरवर गेलो.

माणसं इतकी गोळा केली होती की पोलिसांनी एक मंगल कार्यालयच घेतलं होतं. मागे व्यासपीठावर कुठल्याशा लग्नाची कागदी फुलं अजून लटकत होती. जमिनीवर ओळींनी माणसं बसवलेली. कॉलेजची मुलं होती, पाठीवर दप्तर घेऊन. सुटातला एक पाद्री होता. तान्ह्या बाळाला पाजणारी एक बाई होती. एकेकाला उठवून, हातात नंबरची पाटी देऊन फोटो काढत होते. तिला पहिल्या ओळीत बसवलं. गुडघे दुखायचे तिचे. खाली बसताना तिने शेजारच्या मुलाच्या खांद्याचा आधार घेतला.

साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्याने मला ओळखलं. लगेच खुर्ची मागवली, चहा मागवला. मी म्हटलं, "साहेब, माझ्यापेक्षा त्या मोठ्या आहेत. खुर्ची त्यांना द्या."

"एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागंल ओ," तो म्हणाला. "एवढ्या खुर्च्या कुठनं..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण बोलता बोलता त्याची नजर भिंतीकडे गेली. भिंतीला लागून लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ढीगच्या ढीग उभे होते. तो थोडा वेळ त्या ढिगांकडे बघत राहिला. मग मान खाली घालून दुसरीकडे निघून गेला. खुर्च्या तशाच राहिल्या. मीही बसलो नाही. उभा राहिलो एवढंच, बाकी करण्यासारखं मला काही सुचलं नाही.

संध्याकाळी सोडलं. तिचे कागद सगळे बरोबर होते. कागद बरोबर होते असं मात्र कोणी कुठे लिहून दिलं नाही.

परतताना मी स्कूटर तिथेच ठेवून तिच्याबरोबर रिक्षाने आलो. वाटेत ती म्हणाली, "दादा, तो पोलीस पोरगा चांगला होता."

"हो."

"सोसायटीचा सेक्रेटरी चांगला. हॉस्पिटलचा गार्ड चांगला. कंटेनरवाला पन चांगला." ती माझ्याकडे वळली. "सगले चांगले हायेत. मग हे कोन करतो?"

तुम्हाला उत्तर येत असेल तर बघा.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. मंगल कार्यालयाच्या दारातून कोणीतरी काढलेला, पहिल्या ओळीत ती, पिवळ्या फेट्यामुळे लगेच ओळखू येणारी. वर मोठ्या अक्षरांत 'अंमली पदार्थविरोधी कारवाई, परदेशी नागरिक ताब्यात'. हळदीचा व्हिडिओ ज्या ग्रुपवर फिरला होता त्याच ग्रुपवर हाही फिरला. संध्याकाळी सोडलं, ही बातमी कुठेच आली नाही.

बाजारात त्या दिवशी सुक्या मासळीच्या मावशीने तिला बघून पाटी थोडी आत ओढून घेतली. भांडण नाही, काही नाही. "कं पायजे?" एवढंच विचारलं. हिने बोंबील घेतले, मागितलेली किंमत दिली आणि घरी आली. वाद न घालता बोंबील आणल्याचं कळल्यावर आईने विचारलं, "आजारी हायेस कं?"

मग नानांनी सभा बोलावली, देवळाच्या हॉलमध्ये. पोलिसांनी घरमालकांना निरोप दिला होता की भाडेकरूकडे काही सापडलं तर मालकावरही गुन्हा दाखल होईल. ठराव एका ओळीचा होता: गावात यापुढे आफ्रिकन भाडेकरू ठेवायचे नाहीत, आहेत त्यांना काढायचं. बायका मागे बसतात, आई तिथे बसली होती. ठराव वाचून झाल्यावर ती उठून उभी राहिली. सभेत बाई बोलायला उठते ही आमच्याकडे काही रोजची गोष्ट नाही.

"नाना, माजा घर अधिकृत हाय कं?"

बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. हे शहर वसलं ते आमच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. जमिनी गेल्या, गावठाणं तेवढीच राहिली. पोरं वाढली तशी घरं वाढली, मजले चढले. त्या वाढीव घरांना सरकारी कागदावर एकच नाव आहे, 'अनधिकृत'. सेक्टरांतले लोक आम्हाला 'गाववाले' म्हणतात ते कुठल्या सुरात, तेही आम्हाला माहीत आहे.

"आपले जमिनीवर आपन चोर," आई म्हणाली. "कागदान तसाच लिवलाय ना? ते कागदाला तू मानतस? नाय मानत. मोर्चे काढलंस, काठ्या खाल्ल्यास. मंग हिचे नावाचा कागद तू का मानतस?"

नानांचा आवाज चढला नाही. "वयनी, माना ठाव हाय ती बाई कशी हाय," ते म्हणाले. "मी तिचे संगं नाचलोय. पन उद्या हातोडा आला तं तो एका घरावर नाय थांबायचा. माजे तीन पोरांची घरां हायेत. या सगल्यांची हायेत. मी कं करू, सांग."

प्रामाणिकपणे सांगायचं तर नाना खोटं बोलत नव्हते. हात वर झाले. ठराव मंजूर झाला. आई दारातून एवढंच म्हणाली, "माजे घरातून ती जानार नाय."

याच सुमाराला तिच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. त्यासाठी राहत्या घराचा पुरावा लागतो. गावातल्या बाकीच्या भाडेकरूंची कामं लाइट बिलावर होतात. ते नियमात बसतं की नाही, कोणी बघत नाही. तिच्या बाबतीत बघितलं. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणा म्हणाले. ते आमच्या गावात कोणाकडेच नाही. ज्या सोसायट्यांकडे ते असतं, त्या हिला घर देत नाहीत. म्हणजे जिथे कागद आहे तिथे तिला जागा नाही, आणि जिथे जागा आहे तिथे कागद नाही. खिडकीमागचा माणूस मला म्हणाला, "साहेब, मी नियम थोडाच केला?" त्यानेही नव्हताच केला.

आम्ही अर्ज करत राहिलो. मग एक दिवस आमच्या भिंतीवर अतिक्रमणवाल्यांची नोटीस चिकटली. शेजारच्या चार मजल्यांवर नाही, नानांच्या इमारतीवर नाही, फक्त आमच्या दुमजली घरावर. कोणी तक्रार केली असेल, किंवा नसेलही. मी ऑफिसातून आलो तर ती त्या नोटिशीसमोर उभी होती. मराठी बोलायची, वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलाय?"

"काही नाही. असल्या नोटिसा येत असतात गावात."

"रँडम?" तिने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग घराकडे, वरपासून खालपर्यंत. ती जिना चढून गेली. दोन दिवसांनी तिने मला विमानाचं तिकीट दाखवलं.

आईला सांगितलं तेव्हा आई भडकली. असली भडकलेली मी तिला वडिलांच्या माघारी कधी पाहिली नव्हती. "माना न इचारता? कोन नोटिशीला भितं? पाडू दे ना घर! मी बसन दारान, बगू कोन पाडतं!"

ती आईसमोर जमिनीवर बसली. "आये, माना दुसरा घर हाय. समुद्राजवल, बहीन हाय, सगला हाय. तुना दुसरा घर नाय." आईने तोंड फिरवलं. "तुझा घर पडला तर मी तिथं झोपेन कशी?"

निघायच्या दिवशी आई तिच्याशी बोलली नाही. सुपात जवळा घेऊन स्वयंपाकघरात पाठ करून बसली. ती सामान दारात ठेवून आत गेली आणि शेजारी बसून निवडायला लागली. टॅक्सी येईपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. टॅक्सीने हॉर्न दिला तेव्हा आईने निवडलेला सगळा जवळा तिच्या पदरात ओतला. पदर नव्हता, फ्रॉकचा घेर होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

नोटिशीची चौकशी करायला पुढे कोणीच आलं नाही. उन्हापावसात अक्षरं उडाली, मग कागद गळून पडला. ठराव मात्र उपयोगाचा निघाला. त्यात 'आफ्रिकन' होतं, त्याचं हळूहळू 'बाहेरचे' झालं. मॉलमध्ये कामाला असणाऱ्या मणिपूरच्या तीन मुली नावड्याकडच्या खोल्या सोडून आमच्या गावात आल्या होत्या. "त्या चिनी पोरी," म्हणून त्यांनाही महिनाभरात जायला सांगितलं. कोणी आवाज केला नाही. आईने केला असता, पण तोवर तिने सभांना जाणं सोडलं होतं. कोणी अनोळखी माणूस गल्लीत आला की आता पोरंसुद्धा त्याला कागद विचारतात. आमच्या गावात पाहुण्याला आधी पाणी विचारायची पद्धत होती, हे त्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

वरची खोली आईने कोणालाच दिली नाही. रविवारी घानाहून फोन यायचा. दोघी मोठमोठ्याने बोलायच्या. आवाज घानापर्यंत पोचला पाहिजे म्हणून आई ओरडायची आणि तिकडून तीही.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. तिला कळवलं. तिने लगेच व्हिसासाठी अर्ज केला, आम्ही इथून आमंत्रणाचं पत्र पाठवलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं. अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं नव्हतं. कारण द्यायचं बंधन नसतं म्हणे. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने सांगितलं की कुठल्या तरी जुन्या नोंदीत 'ताब्यात घेतले' असं असेल. सोडलं ते नसेल. आई विचारायची, "निगाली कं ती?" मी सांगायचो, "निघेल."

आई गेली तेव्हा ओटीवर बायका जमल्या होत्या. मी वर जाऊन तिला फोन लावला आणि तो तसाच चालू ठेवून खाली आलो, पण मला मुलगा म्हणून करायची कामं होती. फोन कोणाच्या हातात द्यावा ते कळेना. तेवढ्यात नानांनी हात पुढे केला.

पडद्यावर ती दिसत होती. त्यांच्याकडे मयताला लाल-काळे कपडे घालतात. तशी ती बसली होती आणि तिच्यामागे तिची बहीण आणि आणखी काही बायका उभ्या होत्या. नाना ओटीवरच्या गर्दीत घुसले आणि आईचा चेहरा तिला दिसेल असा फोन उंच धरला. नाना अजून अध्यक्ष आहेत. ठरावही अजून तसाच आहे, कोणी रद्द केलेला नाही. नाना हात बदलत होते, पण फोन खाली घेत नव्हते.

तिने हाक मारली, "आये!" आणि मग ती तिच्या भाषेत रडायला लागली. शब्द लावून, सूर लावून, आमच्या बायका रडतात तशीच. ओटीवर कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. पाटी आत ओढून घेणारी ती मासळीवाली मावशी आईच्या उशाशी बसली होती. ती गुडघ्यांवर सरकत फोनपाशी आली, पडद्यावर तळवा टेकला आणि म्हणाली, "रड गो बाय, रड. आमी आयकताव."